कामापुरता मामा नको!



आपल्या कारखान्याची माणसे किती, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण काय उत्तर देऊ? सभासदांचा आकडा सांगू, कायम व हंगामी कामगारांचा सांगू, संचालक मंडळ सांगू. पण ज्यांच्या कोयत्याशिवाय एक कांडे गव्हाणीत पडत नाही, ते तोडणी मजूर, त्यांचे मुकादम, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले, बैलगाडीवाले आणि आता आलेले तोडणी यंत्राचे मालक, हे या मोजणीत कुठेच येत नाहीत. ते 'कंत्राटी'. त्यांच्याशी करार असतो, तोही पुष्कळ ठिकाणी कारखान्याच्या नावाने नसतो, तोडणी-वाहतूक संस्थेच्या नावाने असतो. हंगाम आला की त्यांना शोधत गावोगाव फिरायचे, आणि पट्टा पडला की त्यांच्याकडे पाठ करायची. याला आपल्याकडे 'कामापुरता मामा' म्हणतात.

माझे म्हणणे सरळ आहे. करार कंत्राटी असेल तर असू द्या, पण कामाच्या बाबतीत ही मंडळी कारखान्याच्या घरचीच धरली पाहिजेत. नियोजनाला बसवले पाहिजे, विचारले पाहिजे, सोयी दिल्या पाहिजेत आणि चुकले तर घरच्या माणसासारखा जाबही विचारला पाहिजे. हे भूतदयेपोटी म्हणत नाही. यात आपल्या उसाच्या बिलाचा प्रश्न आहे.

कोयता कुठे बसतो, त्यावर पैसा

ऊस लावण्यापासून बांधणीपर्यंत आपण जिवापाड मेहनत घेतो. बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, आळवणी, फवारणी. आडसाली असेल तर पंधरा-सोळा महिने हे चालते. आणि शेवटचे दोन-तीन दिवस तो फड आपण ज्यांच्या हाती देतो, त्यांचे नावसुद्धा पुष्कळांना माहीत नसते.

साधा हिशेब करून बघा. एकरी ४० हजार ऊस, सरासरी १० फूट उंची, दीड किलो वजन. म्हणजे ६० टन. आता तोडणाऱ्याने जमिनीलगत न तोडता दोन इंच बुडखा ठेवला. दहा फूट म्हणजे १२० इंच, त्यातले दोन इंच म्हणजे साठावा हिस्सा. एकरी एक टन ऊस रानातच राहिला! बुडखा वरच्या कांड्यापेक्षा जाड असतो आणि पक्व उसात साखर बुडालाच जास्त असते, ते वेगळेच. शिवाय उंच बुडख्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून येतात, त्यांना मुळांचा जोर मिळत नाही आणि खोडवा बसतो. मग पुन्हा बुडखे छाटायला मजूर लावायचे.

दुसरी गोष्ट ताज्या उसाची. तुटलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही शेतकी खात्याचे लोक नेहमी सांगतो. तुटल्यापासून ऊस वजनाला घटू लागतो आणि त्यातली साखरही मोडू लागते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तर फारच वेगाने. आता हे २४ तास कुणाच्या हातात आहेत? टोळी किती वाजता फडात गेली, गाडी वेळेवर लागली की नाही, रस्ता कसा आहे, यार्डात नंबर किती वेळाने लागला, यावर सगळे अवलंबून. म्हणजे मुकादम, ड्रायव्हर आणि आमचा स्लिपबॉय या तिघांच्या मेळावर.

हे पैशात किती होते? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्के उताऱ्याला टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. समजा एखाद्या कारखान्याने ५ लाख टन गाळप केले आणि नुसत्या ताज्या, स्वच्छ, बुडातून तोडलेल्या उसामुळे उतारा ०.१ ने वाढला, तर १ कोटी ७३ लाख रुपये सभासदांच्या पदरात जास्त पडतील. त्याला जादा खत लागत नाही की जादा पाणी लागत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच एफआरपीतून वजा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मालक आपण, पैसे आपले, आणि ज्यांना पैसे देतो त्यांच्याशी कामाची चार वाक्ये बोलायची नाहीत, हा कुठला व्यवहार?

त्यांना जे दिसते ते आम्हाला दिसत नाही

एक टोळी हंगामात किती फड तोडते, याचा विचार करा. आमच्या ओव्हरसिअरला ऊस बांधावरून दिसतो. कोयतेवाल्याला तो कांड्या-कांड्याने दिसतो. कोणता ऊस आतून लाल पडलाय, कुठे कांडी किडीची भोके आहेत, कुठे हुमणीने बेट हलके झालेय, कुठल्या फडात गवताळ वाढ आहे, हे त्याला पहिल्यांदा कळते. पण तो ते कुणाला सांगणार? त्याला विचारतो कोण? एका मुकादमाने मला ऐकवले होते, "सायेब, आमाला तोडायला सांगत्यात, इचारीत न्हाई कुनी." लाल कुजीचा फड तोडणीच्या वेळीच कळला तर खोडवा ठेवू नका, तिथले बेणे नेऊ नका, असे वेळीच सांगता येते. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात रोग गावभर झाल्यावर आम्ही पाहणीला जाणार.

उलट बाजूही आहे. खोडव्याची वाढ खुंटवणारा एक रोग कोयत्याच्या पात्यावरून एका फडातून दुसऱ्या फडात जातो. बेणेमळ्यात शिरताना पाती निर्जंतुक करून घ्या, हे आम्ही सभासदांच्या मेळाव्यात सांगतो. पण कोयता सभासदाच्या हातात नसतोच! ज्याच्या हातात तो आहे, त्याला मेळाव्याचे बोलावणे नसते.

एका गटात पावसाळा उतरतीला लागल्यावर तोडणीचा कार्यक्रम ठरवताना ओव्हरसिअरने दोन जुन्या मुकादमांना फोनवर विचारून घेतले. कालव्याच्या खालच्या अंगाची वाट मार्गशीर्षापर्यंत ओली राहते, भरलेली ट्रॉली तिथून निघत नाही, हे त्यांनी सांगितले. लागणीच्या तारखेप्रमाणे तो शिवार पहिल्या पंधरवड्यात येत होता. सभासदांशी बोलून तो मागे घेतला आणि माळावरचा ऊस पुढे घेतला. तुटलेला ऊस चिखलात अडकून पडला नाही, ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागला नाही. यात विद्वत्ता काही नव्हती. ज्याला माहीत होते त्याला विचारले, एवढेच.

यंत्राचे तर आणखी वेगळे. कोयते कमी पडू लागल्यामुळे तोडणी यंत्रे वाढत जाणार. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, लांब ओळी लागतात, वळायला दोन्ही बाजूंना जागा लागते, रानात दगड, पाइपचे तुकडे चालत नाहीत. हे सगळे लागणीच्या दिवशीच ठरून जाते. तोडणीला यंत्र दारात आल्यावर "तुमची सरी तीन फुटांची, आत जाणार नाही" असे ऐकून काय उपयोग? म्हणजे यंत्राच्या मालकाला वर्ष-सव्वा वर्ष आधी, लागणीच्या सभेलाच बोलवायला हवे. तो कंत्राटदार खरा, पण त्याचा सल्ला सुरुवातीलाच लागतो.

"पण ते खुशाली मागतात!"

हे वाक्य येणार, याची मला कल्पना आहे. फडात खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, जेवणाचे वेगळे, रस्ता खराब म्हणून वेगळे. साखर आयुक्तालयाने असे जादा पैसे देऊ नयेत म्हणून कळवले, तरी प्रकार थांबत नाहीत. हे चूकच आहे आणि बंद झालेच पाहिजे. अडलेल्या अल्पभूधारक सभासदाला हा भुर्दंड फार जड जातो.

पण थोडे आपल्याकडेही बघू. नंबर मोडून ऊस आधी जावा म्हणून पाकीट पहिल्यांदा कोण पुढे करतो? आपल्यातलाच एखादा मोठा बागायतदार. मग तोच दर बनतो आणि दहा गुंठेवाल्याला तोच द्यावा लागतो. तेव्हा खुशालीचा बंदोबस्त एका बाजूने होणार नाही.

मुकादम उचल घेऊन पळतात, हेही खरे आहे. वाहतूकदार तर या दोन्हींच्या मध्ये सापडतो. ट्रॅक्टरचे कर्ज त्याच्या डोक्यावर, उचल त्याने दिलेली, आणि टोळी आलीच नाही तर जमीन विकायची वेळ त्याच्यावर. असे वाहतूकदार आपल्याच गावातले, कित्येक तर आपले सभासदच आहेत. फसवणूक करणाऱ्यावर कायद्याने कारवाई व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण वर्षानुवर्षे नेकीने येणारा मुकादम आणि पळून जाणारा मुकादम यांना आपण एकाच मापाने मोजतो, हे बरोबर नाही. दहा वर्षे सलग आलेल्या टोळीची नोंद आपल्या दप्तरात कुठे आहे? थकबाकीदारांची यादी आहे, इमानदारांची नाही.

आणि एक लक्षात घ्या. परक्याला जाब विचारता येत नाही, त्याच्याशी फक्त भांडण करता येते. जो आपल्या बैठकीत बसतो, ज्याच्या समोर नियम ठरतात, त्यालाच उद्या सर्वांदेखत विचारता येते की बाबा, ठरले काय होते आणि तू केलेस काय?

घरचा म्हणजे फुकटचा नव्हे

'आपले, आपले' म्हणून एखाद्याला फुकट राबवून घेण्याची कला आपल्या समाजात जुनी आहे. तसे होत असेल तर हा लेख न लिहिलेला बरा. घरचा म्हणायचा तर आधी त्याचा दाम चोख आणि वेळेवर. ऊस नियंत्रण आदेशाने आपल्या उसाचे पैसे १४ दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर आपण व्याज मागतो. तोडणीच्या बिलालाही तशीच ठरलेली तारीख असावी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ती वाढ मुकादमाच्या वहीतून शेवटच्या कोयत्यापर्यंत पोचते की नाही, हे पाहायला कारखान्याचा माणूस हवा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्या जोडीला आपण किती टन तोडले आणि उचल किती फिटली, हे कागदावर दिसले पाहिजे. काट्याची पावती सभासदाला मिळते, तशी नोंद तोडणाऱ्यालाही मिळावी.

बाईमाणसांचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. एक दिवस आजारी पडले तर खाडा लागतो आणि त्याचे पैसे कापले जातात, ही धास्ती त्यामागच्या कारणांत होती. आपल्या कॉलनीतल्या कामगाराला आजारपणाची रजा आहे, दवाखाना आहे. अड्ड्यावरच्या कोपीत राहणाऱ्या बाईला साधा आडोशाचा संडास नाही, पिण्याच्या पाण्यासाठी ती आपल्याच विहिरीवर येते आणि कधी कधी आपणच तिला हाकलतो. हे आपल्याला शोभते का?

शासनाने या कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे वर्गणी द्यायची आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. नोंदणी आणि ओळखपत्रे ग्रामपंचायतीमार्फत द्यायची आहेत. ही कामे त्यांच्या गावाकडची, पण आपल्या अड्ड्यावर कुणाची नोंद झाली, कुणाची राहिली, हे गट ऑफिसने एका दिवसात विचारून घेता येते. तेवढे केले तरी पुष्कळांचे काम होईल.

सल्लागारांचेही तेच

थोडक्यात आणखी एक. कारखाना बाहेरून तज्ज्ञ बोलावतो. माती परीक्षणाचे, ठिबकचे, खोडवा व्यवस्थापनाचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ येतात, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे येतात, खाजगी सल्लागारही असतात. आपण हार घालतो, तास-दीड तास व्याख्यान ऐकतो, चहा होतो आणि गाडी निघून जाते. त्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे ना त्यांना कळत, ना आम्हाला. तज्ज्ञ एकाच गटाला बांधून द्यावा. लागण, बांधणी आणि तोडणी अशा तिन्ही वेळा तो त्याच फडांवर यावा, आणि चूक-बरोबर त्याच्या पदरात टाकावी. आणि तोडणीच्या वेळी मुकादम व यंत्रवाला त्याच्यासमोर असावेत. ठिबकच्या नळ्या तोडणीआधी कुणी गुंडाळायच्या, यावरून दर हंगामात भांडणे होतात. नळ्या बसवणारा आणि ऊस तोडणारा एकदासुद्धा समोरासमोर येत नाहीत, म्हणून ही भांडणे होतात.

काय करता येईल?

संचालक मंडळाने आणि सभासदांनी विचार करावा म्हणून काही सूचना मांडतो.

१) हंगामाआधीच्या गटवार बैठकीला मुकादम, वाहतूकदार व यंत्रमालकांचे प्रतिनिधी बोलवावेत. दूरच्या मुकादमांना निदान फोनवरून विचारून घ्यावे. लागणीची तारीख, उसाची जात आणि पक्वता आम्ही मांडू. वाट, पाणी आणि कोयत्यांची संख्या ते सांगतील. कार्यक्रम त्यानंतर कायम व्हावा.

२) प्रत्येक गट ऑफिसात दोन्ही बाजूंची तक्रार वही असावी. सभासदाने खुशालीची तक्रार त्यात लिहावी, मुकादमाने उशिराच्या गाडीची लिहावी. दर आठवड्याला ती उघडून निकाल द्यावा.

३) अड्ड्यावर पिण्याचे पाणी, दिवा, संडास आणि प्रथमोपचाराची पेटी ही हंगाम सुरू होण्याआधीची कामे समजावीत. आठवड्यातून एकदा कारखान्याच्या दवाखान्याची गाडी तिथे जावी आणि दाखला असलेल्या आजारपणाला खाडा नसावा.

४) बुडातून तोडणी, वाढे नीट छाटणे, पाचट कमी आणि ताजा ऊस यांवर टोळीवार नोंद ठेवून चांगल्या टोळीला बक्षीस द्यावे, आणि ते टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला वाटून मिळावे.

५) ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर, मर्यादेतच भार आणि यार्डात ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा. रात्रभर जागलेला ड्रायव्हर टेप मोठ्याने लावून गाडी हाकतो तेव्हा धोका आपल्याच शाळेत जाणाऱ्या पोरांना असतो.

६) पट्टा पडल्यावर हिशेबाची एक बैठक सर्वांची मिळून व्हावी. काय जमले, काय फसले, पुढच्या सालाला काय करायचे, हे टोळ्या गावाकडे जाण्याआधीच बोलून घ्यावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठे पैसे लागत नाहीत. जिथे लागतील तिथे वर सांगितलेला ०.१ टक्क्याचा हिशेब आठवावा.

काही सभासद विचारतील, मग काय त्यांना भाग द्यायचे, मतदानाचा हक्क द्यायचा? तसे नाही. सभासदत्वाचे नियम कायद्याने आणि पोटनियमाने ठरलेले आहेत, ते तसेच राहतील. मी कामाच्या पंगतीचे बोलतोय.

आणि शेवटी, आपण स्वतः कोण होतो, तेही आठवावे. सहकारी कारखाने निघण्याआधी, खाजगी कारखानदारीच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांची किंमत काय होती? ऊस घालणारा, नाहीतर जमीन खंडाने देणारा एक बाहेरचा माणूस. त्याला कुणी विचारत नव्हते. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना सुरू झाला, आणि ऊस घालणारा कारखान्याचा मालक झाला. ज्याचे कष्ट त्याला मान, हा सहकाराचा पाया आहे. आपल्याला तो मान मिळाला. आता आपल्या फडात पहाटे चारला शिरणाऱ्या माणसाला तो किती द्यायचा, हे आपल्या हातात आहे.

येत्या हंगामात टोळी आपल्या बांधावर आली की मुकादमाचे नाव-गाव विचारा, पिण्याचे पाणी दाखवा, आणि कोयता बुडाला लावून घ्या. तिन्ही कामे एकाच वेळी होतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी